पृथ्वी कुणाच्या पाठीवर?

सोलापूरहून अक्कलकोटकडे निघाले की वाटेत वळसंग लागते. दक्षिण सोलापूर तालुक्यातले हे गाव मराठी आणि कानडी या दोन्ही भाषांच्या मुलखात वसलेले आहे. या पट्ट्यात आजी नातवाला एका भाषेत गोष्ट सांगते आणि दुसऱ्या भाषेत दटावते. गोष्ट मात्र दोन्ही भाषांत एकच असते. ही धरती शेषाच्या फण्यावर आहे. एक फणा अवघडला की तो भार दुसऱ्या फण्यावर घेतो आणि तेवढ्यात भुई हलते. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीला भूकंप झाला. सरळ रेषेत मोजले तर वळसंगपासून किल्लारी सुमारे पाऊणशे किलोमीटरवर. सोलापूर, लातूर, उस्मानाबाद या जिल्ह्यांतली माणसे त्या पहाटे घराबाहेर पळाली. त्यानंतरचे कित्येक दिवस पारावर दोन स्पष्टीकरणे शेजारी शेजारी नांदत होती. एक वर्तमानपत्रातले, भूगर्भातील हालचालींचे. दुसरे आजीचे, शेषाचे.

ही दुसरी गोष्ट आपण सगळे लहानपणी ऐकतो आणि मोठेपणी हसून सोडून देतो. तिचा इतिहास शोधायला लागले की तीन गोष्टी हाती येतात. पहिली ही, की आपण समजतो तेवढी ती एकसंध नाही; शेष, कासव, हत्ती आणि वराह हे वेगवेगळ्या काळी, वेगवेगळ्या कामांसाठी आलेले प्राणी आहेत. दुसरी, हत्तीखाली कासव आणि कासवाखाली काय हे कुणालाच ठाऊक नाही, हे जगप्रसिद्ध चित्र आपल्या ग्रंथांपेक्षा युरोपातल्या पुस्तकांनी अधिक घडवले. आणि तिसरी, आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची : पृथ्वीला आधार लागतो की नाही यावर महाराष्ट्राच्या भूमीत आणि मराठी पंडितांमध्ये निदान सातशे वर्षे गंभीर वाद झाला. तो वाद आज ना पुराणाभिमान्यांना आठवतो, ना पुराणांची टिंगल करणाऱ्यांना.

कोण काय उचलते?

आधी प्राणी नीट वेगळे करू. समुद्रमंथनाच्या कथेतले कूर्म पृथ्वी उचलत नाही. ते मंदार पर्वताला रवीच्या बुडाशी टेकण देते, एवढेच त्याचे काम. वराह पृथ्वीला पाण्यातून वर काढतो, म्हणजे ती बुडालेली असते आणि तो तिला सोडवतो. कायमचा डोक्यावर घेऊन उभा राहत नाही. कायमचा भार घेतो तो शेष. महाभारताच्या आदिपर्वात ही कथा येते. आपल्या भावंडांच्या दुष्टपणाला कंटाळून शेष तप करतो, आणि डळमळणाऱ्या पृथ्वीला स्थिर धरण्याचे काम ब्रह्मदेव त्याच्याकडे सोपवतो. म्हणजे शेषाचा भार हा शिक्षेचा भार नाही. ज्याच्यावर भरवसा ठेवता येईल अशा एका विरक्ताला दिलेली ती जबाबदारी आहे.

हत्ती येतात रामायणातून. सगराचे पुत्र यज्ञाचा घोडा शोधताना पृथ्वी खणत जातात, तेव्हा बालकांडात त्यांना चार दिशांना चार प्रचंड गज भेटतात : पूर्वेला विरूपाक्ष, दक्षिणेला महापद्म, पश्चिमेला सौमनस आणि उत्तरेला भद्र. विरूपाक्ष थकून मान हलवतो तेव्हा भूकंप होतो, असे तिथे सांगितले आहे. पुढे अमरकोशात दिग्गजांची संख्या आठ होते आणि नावेही बदलतात. ऐरावत, पुंडरीक, वामन, कुमुद अशी ती यादी आहे. नावे बदलतात, संख्या बदलते, यावरूनच कळते की ही एखाद्या धर्मसभेने ठरवलेली पक्की रचना नव्हती. प्रत्येक कथाकाराने आपल्या गरजेप्रमाणे विश्व रचले.

कासवाची गोष्ट सर्वांत जुनी आणि सर्वांत निराळी आहे. शतपथ ब्राह्मणात अग्निचयनाचा विधी येतो. वेदी रचताना तिच्यात जिवंत कासव ठेवायचे असते. त्याचे कारण देताना ग्रंथ म्हणतो की कासवाचे खालचे कवच म्हणजे ही पृथ्वी, वरचे कवच म्हणजे आकाश आणि मधला जीव म्हणजे अंतरिक्ष. इथे कासव जगाच्या खाली नाही. कासव हेच जग आहे. आपण त्याच्या पाठीवर नसून दोन कवचांच्या मध्ये राहतो. ज्याने कधी नदीकाठी कासवाला हातपाय आत ओढून घेताना पाहिले आहे, त्याला ही कल्पना किती नेमक्या निरीक्षणातून आली हे वेगळे सांगायला नको. मंदिर बांधताना पायात कूर्मशिला ठेवण्याची पद्धत याच विचाराच्या कुळातली दिसते. आपल्या गावोगावच्या महादेवाच्या देवळात नंदीच्या पुढे, गाभाऱ्याच्या वाटेवर, फरशीत कोरलेले कासव असते. इंद्रिये आवरण्याची खूण म्हणून ते आहे, असे कीर्तनकार गीतेच्या आधाराने सांगतात. ते खरेच, पण वर शिखर, खाली कासव आणि मध्ये देव, ही मांडणी शतपथाच्या विश्वाशी जुळते हेही विसरू नये.

आणखी एक नोंद महत्त्वाची. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने बृहत्संहितेत भूकंपावर स्वतंत्र अध्याय लिहिला आहे. त्याची सुरुवातच मतभेदांनी होते. कुणी म्हणतात पाण्यात राहणाऱ्या महाकाय प्राण्यांमुळे भुई हलते. कुणी म्हणतात भाराने शिणलेले दिग्गज विसावा घेतात म्हणून. कुणी म्हणतात वाऱ्यावर वारा आदळतो म्हणून. कुणी म्हणतात अदृष्टामुळे. दिग्गजांचे मत तिथे चारांपैकी एक मत आहे. चौदाशे वर्षांपूर्वीच्या एका जाणत्या माणसाला हे ठाऊक होते की या प्रश्नावर लोकांचे एकमत नाही.

इतर मुलखांतले भारवाहक

असे प्राणी आपल्याकडेच आहेत असेही नाही. उत्तर अमेरिकेतल्या हौडेनोसौनी लोकांच्या कथेत आकाशातून पडणाऱ्या स्त्रीला कासव पाठीवर जागा देते आणि त्या पाठीवर माती पसरत पसरत भूमी तयार होते. आजही तिथले अनेक आदिवासी आपल्या खंडाला कासवबेट म्हणतात. अरबी-फारसी विश्ववर्णनांत पृथ्वीखाली बैल आणि बैलाखाली महामत्स्य येतो. तेराव्या शतकातल्या कझवीनीच्या अद्भुतांच्या ग्रंथामुळे ही रचना सर्वदूर पोचली. गुरू नानकांच्या जपुजीत हाच बैल येतो, पण तिथे त्याचे रूप पालटते. खरा बैल म्हणजे धर्म, दयेचा पुत्र, असे सांगून ते विचारतात की त्याच्यावर किती भार असेल, आणि या पृथ्वीच्या पलीकडे आणखी पृथ्व्या असतील तर त्यांच्याखाली कोणते बळ असेल. जपानात जमिनीखाली प्रचंड मासा असतो आणि काशिमाचा देव त्याला शिळेने दाबून ठेवतो. १८५५ मध्ये एदो शहर भूकंपाने हादरले तेव्हा या माशाची शेकडो रंगीत चित्रे छापून विकली गेली. त्यांतल्या काही चित्रांत सुतार आणि गवंडी माशाचे आभार मानताना दिसतात, कारण पडझडीनंतर त्यांना काम मिळाले. भूकंपानंतर कुणाचे घर पडते आणि कुणाचे भरते, हे त्या चित्रकारांनी माशाच्या निमित्ताने सांगून टाकले.

चंद्रगिरीचे पत्र

हत्ती आणि कासव एकावर एक रचण्याचे चित्र युरोपात पोचले त्याचा माग एका पत्रापर्यंत लागतो. इमॅन्युएल द व्हेगा हा जेझुइट पाद्री विजयनगरच्या उत्तरकालीन राजधानीत, चंद्रगिरीला होता. १५९९ मध्ये तिथून लिहिलेल्या पत्रात तो स्थानिकांची मते नोंदवतो. पृथ्वीला नऊ कोपरे आहेत असे काही जण मानतात. दुसरा एक जण म्हणतो की पृथ्वी सात हत्तींवर आहे आणि हत्तींचे पाय कासवावर रोवलेले आहेत. कासवाला कोण धरते असे विचारल्यावर त्या माणसाने ठाऊक नाही असे उत्तर दिले.

पत्राचे हे तपशील बारकाईने पाहायला हवेत. पाद्रीसुद्धा इथल्या लोकांत मतभेद आहेत असेच लिहितो. हत्ती-कासवाचे मत एका माणसाचे आहे. आणि ‘ठाऊक नाही’ हे त्या माणसाचे उत्तर खरे तर प्रामाणिक आहे. पण पत्रातला हा मजकूर इंग्रजीत सॅम्युएल पर्चसच्या प्रवाससंग्रहात उतरला आणि तिथून तत्त्वज्ञांच्या हाती गेला. जॉन लॉकने १६९० च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात ‘एक भारतीय’ उभा केला. त्याच्या मते जग हत्तीवर, हत्ती कासवावर आणि कासव कशावर ते माहीत नाही. लॉकला भारताविषयी काही सांगायचे नव्हते. द्रव्य म्हणजे काय हे युरोपातल्या विद्वानांनाच सांगता येत नाही, हे दाखवायला त्याला एक उदाहरण हवे होते. ह्यूमने १८ व्या शतकात तेच उदाहरण ईश्वराच्या चर्चेत वापरले. १९२७ मध्ये बर्ट्रांड रसेलने एका व्याख्यानात ते पुन्हा सांगितले आणि त्यातल्या भारतीयाला विषय बदलायला लावले. स्टीफन हॉकिंगच्या १९८८ च्या लोकप्रिय पुस्तकाच्या पहिल्याच पानावर भारतीय नाहीसा होतो, एक म्हातारी येते आणि खालपर्यंत कासवेच कासवे आहेत असे सांगते.

याच चित्रावर इंग्लंडच्या टेरी प्रॅचेटने १९८३ पासून ‘डिस्कवर्ल्ड’ कादंबऱ्यांची माळ गुंफली. तबकडीसारखे जग, ते चार हत्तींच्या पाठीवर, हत्ती महाकासवाच्या पाठीवर आणि कासव अवकाशात पोहत चाललेले. त्या जगाचा छोटासा सूर्य फिरताना वाट द्यावी म्हणून एखाद्या हत्तीला अधूनमधून पाय उचलावा लागतो. प्रॅचेटने ४१ कादंबऱ्या लिहिल्या आणि त्याचे हे जग लाखो वाचकांच्या घरचे झाले. त्याने कासवाखाली काय हा प्रश्न सोडवला नाही. कासव पोहते, बस्स. त्याची गंमत अशी की एकदा हे मान्य केले की बाकीचे सगळे नियम तो काटेकोरपणे पाळतो. कल्पित जग रचणाऱ्याचे हे पहिले पथ्य. आपल्या पुराणकारांनीही ते पाळले आहे : सात द्वीपे, सात समुद्र, मध्ये मेरू, आणि सगळ्याचा विस्तार योजनांत मोजून दिलेला. पन्नास कोटी योजने एवढी पृथ्वी सांगताना त्यांनी हिशेब चुकू दिलेला नाही.

लॉकच्या आधी पाच शतके

लॉकच्या भारतीयाला जे उत्तर सुचले नाही, ते एका भारतीयाने ५४० वर्षे आधी लिहून ठेवले होते. भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे १११४ चा. त्यांच्या गावाचे नाव विज्जडविड. ते कुठले यावर मतभेद आहेत. कुणी विजापूर म्हणतात, तर भास्कराचार्यांनी स्वतः सह्याद्रीचा उल्लेख केल्यामुळे कुणी खानदेशाकडे पाहतात. विजापूर मानले तर वळसंगच्या माणसाला ते दोन-तीन तासांच्या रस्त्यावर आहे.

११५० च्या ‘सिद्धान्तशिरोमणी’तील गोलाध्यायात ते सरळ युक्तिवाद करतात. पृथ्वीला धरणारा कुणी मूर्त आधार आहे असे म्हणाल, तर त्या आधाराला दुसरा आधार लागेल, त्याला तिसरा. याला अंतच राहणार नाही. तर्कशास्त्रात याला अनवस्था म्हणतात. शेवटच्या आधाराला स्वतःच्या शक्तीवर उभे राहता येते असे मानायचे असेल, तर तीच शक्ती पहिल्यांदा पृथ्वीलाच का देऊ नये? अग्नीत उष्णता असते, चंद्रात शीतलता असते, तसे स्थिर राहणे हा पृथ्वीचा स्वभाव. पृथ्वी पडते म्हणाल तर पडणार कुठे? सगळीकडे सारखेच आकाश आहे. पृथ्वीला आकर्षणाची शक्ती आहे, म्हणून वरची जड वस्तू तिच्याकडे ओढली जाते आणि आपल्याला ती पडल्यासारखी दिसते. पृथ्वी सतत खाली जात आहे असे म्हणणाऱ्यांनाही ते उत्तर देतात : मग वर मारलेला बाण परत जमिनीवर येताच कामा नये.

याच ग्रंथात पृथ्वीचा परीघ ४,९६७ योजने दिला आहे. पुराणातल्या पन्नास कोटींशेजारी हा आकडा ठेवला की दोन जगांतले अंतर दिसते. एक जग कथेच्या गरजेने मोठे झालेले, दुसरे गावोगावी सावली मोजून लहान झालेले.

इथे एक सावधगिरी बाळगायला हवी. अलीकडे भास्कराचार्यांच्या आकर्षणशक्तीचा उल्लेख न्यूटनच्या आधीचा गुरुत्वाकर्षणाचा शोध म्हणून भाषणांत होतो. तसा तो नाही. भास्कराचार्य आकर्षण हा पृथ्वीचा स्वभाव मानतात. चंद्राला फिरवणारे आणि फळाला पाडणारे बळ एकच आहे हे ते सांगत नाहीत, आणि अंतर वाढले की ते बळ किती कमी होते याचा नियमही देत नाहीत. त्यांच्या पृथ्वीभोवती ग्रह फिरतात. पण त्यांचे खरे मोठेपण त्यामुळे उणे होत नाही. आपल्याच समाजात पूज्य असलेल्या ग्रंथांतले एक मत त्यांनी नाव घेऊन, कारण देऊन नाकारले, आणि तरीही त्यांना कुणी वाळीत टाकले नाही. उलट त्यांचे नातू चंगदेव यादवराजा सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी झाले आणि आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांनी चाळीसगावजवळच्या पाटण येथे मठ काढला. शके ११२८ चा, म्हणजे १२०७ च्या सुमाराचा तो शिलालेख भाऊ दाजी लाड यांनी प्रकाशात आणला. त्या लेखातल्या दानाचा शेवटचा भाग मराठीत आहे. पृथ्वीला आधार नको असे सांगणाऱ्या ग्रंथाच्या अध्यापनासाठी गावकऱ्यांच्या बाजारातून, घाण्यातून उत्पन्न लावून दिल्याची ती नोंद आहे.

पाथरीची घार, कोपरगावचा टीकाकार

वाद इथे संपला असता तर इतिहास सोपा झाला असता. तो संपला नाही. भास्कराचार्यांनंतर साडेतीनशे वर्षांनी गोदावरीकाठच्या पार्थपूरला ज्ञानराज नावाचे ज्योतिषी झाले. पार्थपूर म्हणजे परभणी जिल्ह्यातले पाथरी असे मानले जाते. शके १४२५ म्हणजे १५०३ च्या सुमारास त्यांनी ‘सिद्धान्तसुंदर’ लिहिला. गणितात ते सिद्धान्तपरंपरेचेच, पण आधाराच्या प्रश्नावर ते भास्कराचार्यांना विरोध करतात. त्यांचा दाखला विसरता येत नाही. थोड्या बळाचा पक्षीसुद्धा चोचीत साप धरून प्रहरभर आकाशात तरंगू शकतो, तर अचिंत्य शक्तीच्या ईश्वराने कासवाचे रूप घेऊन पृथ्वीला कल्पभर आकाशात धरले तर त्यात अशक्य काय?

हा युक्तिवाद भाबडा म्हणून बाजूला सारता येणार नाही. भास्कराचार्यांच्या अनवस्थेला तो थेट उत्तर देतो. कासवाला खाली टेकायला काही लागत नाही, कारण ते उभे नाही. ते पंख नसलेल्या घारीसारखे आधाराविना धरून आहे. प्रॅचेटचे पोहणारे कासव जवळजवळ पाचशे वर्षे आधी पाथरीच्या आकाशात दिसते ते असे. ज्ञानराजांचे पुत्र सूर्यपंडित यांनी पुढे भास्कराचार्यांच्याच ‘लीलावती’वर टीका लिहिली. घर एक, परंपरा दोन.

सतराव्या शतकात कोपरगावचे नीलकंठ चतुर्धर काशीला गेले. महाभारतावरची त्यांची ‘भारतभावदीप’ टीका आजही वापरात आहे. सिद्धान्तातली गोल, लहान पृथ्वी आणि पुराणातली सपाट, अफाट पृथ्वी यांचा मेळ घालण्यासाठी त्यांनी ‘सौरपौराणिकमतसमर्थन’ हे प्रकरण लिहिले. दोन्ही वचने आपापल्या जागी खरी ठरावीत असा अर्थ लावण्याचा तो प्रयत्न आहे. या सगळ्या खटाटोपाला पंडितांनी एक नाव दिले होते : विरोध आणि अविरोध. प्रश्न असा की दोन प्रमाणे एकमेकांविरुद्ध गेली तर काय करायचे? एक टाकायचे, की दोन्ही राखून अर्थ बदलायचा? हा प्रश्न पंचांग, कायदा आणि घर, तिन्ही ठिकाणी आपण आजही सोडवत असतो.

१८३६ : वाद मराठीत येतो

एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी पुराणांच्या भूगोलावर हल्ला चढवला. दह्या-दुधाचे समुद्र आणि शेषावरची पृथ्वी हे त्यांच्या पत्रकांचे आवडते लक्ष्य होते. भोपाळजवळच्या सिहोरला इंग्रज अधिकारी लॅन्सलॉट विल्किन्सन यांनी दुसरा मार्ग धरला. लोकांना थेट कोपर्निकस सांगण्यापेक्षा आधी त्यांचे स्वतःचे सिद्धान्तग्रंथ शिकवावेत. पुराणे आणि युरोपीय ज्योतिष यांच्यामधली पायरी तिथे आयती तयार आहे, असे त्यांचे मत होते. त्यांच्या सोबत काम करणारे सुबाजी बापू यांनी १८३६ मध्ये मराठीत ‘सिद्धान्तशिरोमणिप्रकाश’ हा ग्रंथ लिहिला. पुराण, सिद्धान्त आणि कोपर्निकस अशा तीन विश्वरचना शेजारी मांडून त्यांची तुलना करणारा हा ग्रंथ. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ सुरू होऊन तेव्हा जेमतेम चार वर्षे झाली होती. मराठी गद्याच्या अगदी कोवळ्या काळात पृथ्वीला आधार आहे का, हा प्रश्न सामान्य वाचकापुढे त्याच्या भाषेत आला.

उत्तरही लगेच आले. यज्ञेश्वरशास्त्री यांनी ‘अविरोधप्रकाश’ लिहून पुराण आणि सिद्धान्त यांत विरोध नाही असे प्रतिपादन केले. त्यावर प्रत्युत्तर म्हणून ‘अविरोधप्रकाशविवेक’ निघाला. सिहोरलाच शिकलेले बापूदेव शास्त्री पुढे काशीच्या संस्कृत पाठशाळेत अध्यापक झाले आणि विल्किन्सन यांनी केलेले गोलाध्यायाचे इंग्रजी भाषांतर त्यांनी तपासून दिले. ते १८६१ मध्ये प्रसिद्ध झाले. या साऱ्या परंपरेची साक्षेपी नोंद पुढे शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी १८९६ च्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्राचा प्राचीन आणि अर्वाचीन इतिहास’ या ग्रंथात केली. तोही मराठीतच.

या शतकभराच्या घडामोडींत एक गोष्ट ठळक दिसते. लॉकच्या वाक्यातला भारतीय गप्प बसतो. प्रत्यक्षातले भारतीय मात्र बोलत होते, लिहीत होते, एकमेकांची पुस्तके खोडून काढत होते. त्यांच्यात भास्कराचार्यांच्या बाजूचे होते तसे ज्ञानराजांच्या बाजूचेही होते. ‘हिंदू असे मानतात’ हे एका ओळीचे विधान या दोघांवरही अन्याय करते. आणि ‘आपल्या पूर्वजांना सगळे आधीच ठाऊक होते’ हे विधानही दोघांवर तेवढाच अन्याय करते, कारण त्यांनी केलेले भांडणच ते पुसून टाकते.

भार कुणाचा?

आता पुन्हा भूकंपाकडे येऊ. शेषाच्या गोष्टीला एक नैतिक शेपूट आहे. पाप वाढले की पृथ्वी जड होते. ती गायीच्या रूपाने देवांकडे गाऱ्हाणे नेते. मग भार उतरवायला अवतार होतो. ‘खायला काळ, भुईला भार’ ही आपली म्हण याच समजुतीवर उभी आहे. म्हणीत ती चालून जाते. भूकंपात ती क्रूर होते. १५ जानेवारी १९३४ ला बिहारमध्ये भूकंप झाला, तेव्हा ही अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे असे गांधीजींनी म्हटले. रवींद्रनाथांनी त्याला जाहीर हरकत घेतली. निसर्गाच्या घटनेला नीतीचे कारण जोडणे अविवेकाला बळ देते, आणि असाच तर्क विरोधकही उलट वापरू शकतात, असे त्यांचे म्हणणे होते. गांधीजींनी ती हरकत आपल्या ‘हरिजन’मध्ये छापली. अस्पृश्यता हे पाप होतेच. वळसंगमध्ये डॉ. आंबेडकरांच्या भेटीची आठवण सांगणारी विहीर आहे; पाण्यासाठी माणसाला काय करावे लागत होते हे त्या विहिरीला विचारावे. पण तो भार धरतीने कुणावर उतरवला नाही. तो माणसांनी माणसांवर ठेवला होता आणि माणसांनाच उतरवावा लागला.

किल्लारीच्या भूकंपात सरकारी नोंदीप्रमाणे ७,९२८ माणसे गेली. दख्खनचे पठार तुलनेने स्थिर आहे, असे शास्त्रज्ञही मानत होते. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून लोक उशिरा निजले होते. इतकी माणसे जाण्याचे कारण जमिनीच्या हादऱ्यात जेवढे होते, तेवढेच घरांत होते. दगडांच्या रुंद भिंती, दोन दगडांच्या मध्ये चिखल, वर लाकडी तुळया आणि त्यांच्यावर पांढऱ्या मातीचे माळवद. माळवद गळू नये म्हणून पावसाळ्याआधी त्यावर माती टाकायची, दरवर्षी थोडी थोडी. वर्षे जात तसा थर फुटा-दोन फुटांचा होई. उन्हाळ्यात घर गार राही, म्हणून त्या वजनाचे कुणाला काही वाटले नाही. उलट जाड माळवद हे घर जुने आणि भरलेले असल्याचे लक्षण होते. त्या पहाटे भिंती दोन्ही अंगांनी सुटल्या आणि तो सगळा थर झोपलेल्या माणसांवर आला. जिथे माळवद स्वतंत्र लाकडी खांबांवर तोलले होते, तिथे काही ठिकाणी भिंती पडूनही सांगाडे उभे राहिले आणि आतली माणसे वाचली.

भास्कराचार्यांचा प्रश्न इथे नव्या अर्थाने उभा राहतो. पृथ्वीला कोण धरते, याचे उत्तर आज शाळेतल्या मुलालाही देता येते : तिला कुणी धरत नाही, ती सूर्याभोवती पडत राहते आणि तिची कवचे तिच्याच पोटातल्या उष्णतेवर सरकत राहतात. भारतीय भूखंड आजही वर्षाला काही सेंटिमीटर उत्तरेकडे जात आहे. त्या सरकण्याला आपण शेषाचे नाव दिले काय आणि भूगर्भशास्त्राचे दिले काय, ते थांबवता येत नाही. पण आपल्या डोक्यावर काय आहे आणि ते कशावर टेकले आहे, हा प्रश्न आपल्या हातातला आहे. त्याचे उत्तर अनवस्थेत जात नाही. तुळईखाली खांब लागतो, खांबाखाली पाया लागतो, आणि तो पाहणारा कुणीतरी माणूस लागतो.

म्हणून आजीच्या गोष्टीला हसण्याचे कारण नाही आणि तिला शास्त्र म्हणण्याचेही कारण नाही. ती गोष्ट एवढेच सांगते की आपण उभे आहोत ते कुणाच्या तरी भरवशावर, आणि तो भरवसा कधीतरी हलू शकतो. पाटणच्या मठात ज्यांनी गोलाध्याय शिकवला, पाथरीला ज्यांनी त्याला उत्तर लिहिले आणि सिहोरला ज्यांनी तीन विश्वे मराठीत एका पुस्तकात मांडली, त्या सर्वांनी या भरवशाला प्रश्न विचारला. किल्लारीनंतर नव्याने वसवलेल्या गावांत आता हलक्या छताची, पट्टे टाकून बांधलेली घरे उभी आहेत. वळसंगसारख्या गावांत मात्र जुनी माळवदे अजून आहेत. पुढच्या पावसाळ्याआधी त्यांच्यावर मातीची आणखी एक पाटी पडायच्या आत कुणीतरी खालून तुळई ठोकून पाहावी, एवढी मागणी या लांबलचक इतिहासाने आपल्याकडे केली तरी ती वावगी ठरणार नाही.